दाजींच्या रेघा

जगात मला एकच दाजी आहेत, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना दाजी म्हणायचा हक्क माझ्या एकट्याचा. पण त्यांच्या ओळखीने मी पार्कात कामाला लागलो, पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर "दाजी, पाना कुठे ठेवू?" असं ओरडलो आणि तो हक्क गमावून बसलो. महिन्याभरात तिकीट फाडणाऱ्या बाईपासून कारंज्याभोवती झाडणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत ऐंशी माणसं त्यांना दाजी म्हणू लागली. एका माणसाला एका दमात ऐंशी मेहुणे झाले. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एक सांभाळतानाच नाकी नऊ आलेत."

मला तिथे वशिल्याचं तट्टू म्हणायचे. खोटं नव्हतं, म्हणून रागही यायचा.

दाजींचं काम सांगायला सोपं आणि करायला जीव काढणारं. पार्कातल्या प्रत्येक झुल्याचे, पाळण्याचे, गाडीचे बोल्ट ठरल्या जोराने आवळायचे, आणि आवळून झालं की बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर उतरणारी एक सरळ रेघ रंगाच्या पेनाने मारायची. बोल्ट जागेवर आहे तोवर रेघ अखंड. तो केसभर जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे होतात, वरचा एकीकडे, खालचा दुसरीकडे. जमिनीवरून दुर्बीण लावली तरी दिसतं. दाजी म्हणायचे, बोल्टवर विश्वास ठेवू नये, रेघेवर ठेवावा. मी म्हणायचो, रेघ मारणारे तुम्ही आणि तपासणारेही तुम्हीच, म्हणजे उंदराला मांजर साक्ष. त्यावर ते हसायचे नाहीत. कामाच्या बाबतीत त्यांना विनोद कळत नसे, आणि इतर बाबतीत बोलायला त्यांच्याकडे वेळ नसे.

हा रोग त्यांनी घरीही आणला होता. कुकरच्या दांड्याचा स्क्रू, पंख्याचा स्क्रू, दाराच्या बिजागऱ्या, ताईच्या शिलाई मशीनचे पाय, सगळ्यांवर रेघ. भाची लहान होती तेव्हा महिन्यातून एखाद्या मोकळ्या सकाळी बाप-लेकीचा हाच उद्योग चालायचा. दाजी स्क्रू आवळायचे आणि ती जीभ बाहेर काढून, श्वास रोखून रेघ मारायची. वाकडी आली तर दाजी पुसून परत मारायला लावायचे. मोठी झाल्यावर तिला त्याची लाज वाटू लागली. मैत्रिणी आल्या की म्हणायची, "आमच्या घरात सगळं आजारी आहे, म्हणून पट्ट्या बांधल्यात."

तिच्या वाट्याला बाप आला तो तेवढाच. जगाला सुट्टी असते तेव्हा पार्कात गर्दी असते, आणि गर्दी असते तेव्हा दाजी वर कुठेतरी लोंबकळत असतात. तिचं शाळेतलं नाटक चुकलं, बक्षीस चुकलं, पाय मोडला तेव्हा दवाखान्यात मी गेलो. तिच्या लग्नाच्या दिवशी सकाळीच जुना झुला मध्येच अडकला. दाजी पोचले तेव्हा मुख्य कार्यक्रम उरकत आला होता आणि त्यांच्या पायात पोलादी टोकाचे कामाचे बूट होते. फोटोवाल्याने शहाणपणा करून सगळे फोटो कमरेपासून वर काढले. एक निसटला, बुटांसकट. भाचीने नेमका तोच आपल्या घरातल्या भिंतीवर लावला. प्रेमाने लावला की टोमणा म्हणून, ते विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणालाच झालं नाही.

ती दिवसभराच्या प्रवासावर, दुसऱ्या शहरात राहते. तिला दिवस गेले तेव्हा दाजींनी स्वतःहून फोन केला, हेच मुळात नवल. "मोठ्या गाडीला मंजुरी मिळाली की त्याच दिवशी निघतो," म्हणाले. "तू दवाखान्यात जायच्या आधी मी तिथे असेन. महिनाभर राहीन."

"नक्की?"

"नक्की."

लोक म्हणतात, दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ताई म्हणाली, "यांची पेनाची असते. पुसली जाते." पण भाचीने या खेपेला विश्वास ठेवला. दाजींसाठी तिने खिडकीजवळची खाट रिकामी करून ठेवली. दाजींनीही आपली बॅग भरून पार्कातल्या कपाटात आणून ठेवली, म्हणजे घरी जाण्यातसुद्धा वेळ जायला नको.

मोठी गाडी म्हणजे आमच्याकडचा नवा रोलर कोस्टर. कागदावर त्याचं काहीतरी भयंकर नाव होतं. आमच्या लेखी ती गाडी. उभी करायला सोळा महिने लागले, आणि उभी झाली म्हणजे माणसं बसवता येतात असं नाही. आधी रिकामी पळवायची. मग पाण्याची माणसं बसवून पाचशे फेऱ्या. पाण्याची माणसं हे माझं खातं. प्लॅस्टिकची चोवीस धडं, बिनडोक्याची, बिनहाताची. त्यांच्यात पाणी भरलं की एकेक जण भरल्या अंगाच्या गृहस्थाइतका जड होतो. सकाळी मी त्यांना नळीने पाणी पाजायचो, मांडीवरचा दांडा खाली ओढून बंदिस्त करायचो आणि वर पाठवायचो. ती ओरडत नाहीत, ओकत नाहीत, फोटो काढत नाहीत. मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात समजूतदार माणसं. त्यांतलं एक कमरेत गळायचं, त्याला आम्ही आजोबा म्हणायचो.

दर दहा फेऱ्यांनी गाडी थांबायची आणि दाजी पट्टा बांधून वर चढायचे. नवं लोखंड नीट बसायला वेळ घेतं, काही बोल्ट थोडे फिरतातच. ज्याची रेघ तुटलेली दिसेल तो पुन्हा आवळायचा, जुनी रेघ पुसायची, नवी मारायची, आणि कागदावर लिहायचं की अमुक खांबापाशी इतके आवळले. कोणते, ते कागद विचारत नाही. नियमाला आकडा पुरतो.

पाचशे फेऱ्या म्हणजे पन्नास चढण्या. दाजींचं वय अठ्ठावन्न. त्रेचाळीस दिवस त्यांनी एकही सुट्टी घेतली नव्हती. गुडघे जिना उतरताना कुरकुरायचे आणि ते दोन्ही हातांनी कठडा धरून आडवे उतरायचे, लहान मुलासारखे. डबा उघडायचे आणि पहिल्या घासाला झोपायचे. पाचशेवी फेरी संपली त्या रविवारी संध्याकाळी ते वरून खाली आले आणि पट्टा सोडायचाच विसरले. पट्ट्यासकट चालायला लागले आणि दोरी संपल्यावर थांबले. तिथेच उभे राहिले, कुणीतरी येऊन सोडवेल म्हणून.

मी त्यांना सोडवलं आणि घरी पाठवलं. "बुधवारी तपासनीस येणार. तोवर इकडे दिसलात तर मी ताईला सांगेन," म्हटलं. ते गेले. वाद घातला नाही, यावरूनच समजा किती दमले होते ते.

सोमवारी सकाळी आमचे व्यवस्थापक आले. त्यांना आम्ही बॅनरसाहेब म्हणतो. शहरभर त्यांनी उद्घाटनाच्या तारखेचे बॅनर लावले होते आणि रोज एकदा गाडीतून फिरून ते सगळे जागेवर आहेत की नाही ते बघायचे. पहिल्या मोठ्या उताराच्या पायथ्याशी गाडी जिथे वळून वर उचलली जाते त्या वळणापाशी ते उभे राहिले. अकराव्या खांबापासून चौदाव्यापर्यंत. गाडीचा सगळ्यात जास्त भार तिथेच पडतो आणि पाहुण्यांची वाटही नेमकी तिथूनच जाते.

"हे काय चितारलंय?" ते म्हणाले. "पांढऱ्या रेघा, पिवळ्या, मध्येच लाल. लहान मुलांनी भिंत रंगवल्यासारखं दिसतंय. तपासनीस काय म्हणेल? नीट करून घ्या जरा."

मला पडत्या फळाची आज्ञा. दाजींचे कष्ट वाचतील, बुधवारी ते येतील तेव्हा काम चकाचक दिसेल, चार माणसं वाखाणतील, असं माझ्या मनात आलं. अगदी खरं सांगतो, प्रेमापोटी केलं. मी मूर्ख असेन, पण बेफिकीर नव्हतो. प्रत्येक रेघ आधी निरखून पाहिली. एकही तुटलेली नव्हती. मग ती थिनरने पुसली आणि फूटपट्टी लावून नवी पिवळी मारली. चारशे बारा बोल्ट. दीड दिवस लागला. मान अशी आखडली की मंगळवारी मी पाण्याच्या माणसांसारखा सरळच वळत होतो.

बुधवारी तपासनीस बाई आल्या. बारीक चणीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज इतका हळू की बॅनरसाहेबांना बोलणं थांबवून ऐकावं लागे. त्यांनी दोन तास कागद पाहिले, ब्रेक पाहिले, दांडे ओढून पाहिले. मग वळणापाशी आल्या, चष्मा लावला आणि वर बघत राहिल्या.

"इतकं स्वच्छ काम फार दिवसांनी पाहिलं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी सही करू."

तेवढ्यात दाजी आले. हातात नव्या बोल्टांचा खोका होता. दोन दिवसांच्या झोपेने चेहरा थोडा माणसात आला होता. त्यांनी वर पाहिलं. अकराव्या खांबापासून चौदाव्यापर्यंत त्यांची नजर गेली, परत आली, परत गेली. बाई आणि साहेब पुढे निघून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "कुणी पुसल्या?"

"मी," मी छाती पुढे काढून म्हणालो. "एकही तुटलेली नव्हती. नीट बघून पुसल्या."

"लालसुद्धा?"

"लाल, पिवळ्या, पांढऱ्या, सगळ्या. आता बघा कशा एकसारख्या दिसतायत."

दाजी पायरीवर बसले. खोका बाजूला ठेवला. एका बुटाची नाडी सोडून परत बांधली, मग दुसऱ्या बुटाची.

"पांढरी म्हणजे पहिली," ते म्हणाले. "पिवळी म्हणजे एकदा फिरलेला. लाल म्हणजे दोनदा. जो दोनदा फिरतो त्याच्यात दोष नसतो, त्याच्या खालच्या पट्टीत असतो. तो काढून खाली बघायचं असतं. हे बोल्ट त्यांच्यासाठीच मागवले होते." थोड्या वेळाने म्हणाले, "तुला सांगितलं नव्हतं का मी?"

"नाही."

"कुणालाच नाही सांगितलं," ते म्हणाले. "माझी आपली सवय. कुठे लिहिलेली नाही."

"मग सगळेच पुन्हा आवळून घेऊ ना! मी आणि तुम्ही, उद्या एका दिवसात."

"आवळलेलेच आहेत. आवळलेला असताना सगळेच शहाणे दिसतात. एकेक सोडून खाली बघावं लागेल. आणि या वळणावरचे एवढे बोल्ट सोडले की पाचशे फेऱ्या पहिल्यापासून."

मी बोटांवर हिशेब केला. चारशे बारा सोडायचे, बसवायचे, पाचशे फेऱ्या, पन्नास चढण्या. पंचवीस-सव्वीस दिवस. भाचीला डॉक्टरांनी बारा दिवसांनंतरची तारीख दिली होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मी घाबरलो. माझ्या नोकरीसाठी नव्हे, माझ्या नोकरीला अर्थच नव्हता. ती रिकामी खाट माझ्या डोळ्यांसमोर आली.

दुपारभर दाजी वळणाखाली एका फळीवर उताणे पडून होते. वर बघायचे, डोळे मिटायचे, परत उघडायचे. लाल रेघा आठवत होते. मी शेजारी बसलो होतो. "बाराव्यापाशी दोन," ते पुटपुटायचे. "तेराव्यापाशी चार. नाही, ते आधीच्या आठवड्यातले. डाव्या अंगाला होते की उजव्या?" नऊ होते की दहा, तेही त्यांना सांगता येईना. त्रेचाळीस दिवसांत एक दिवस जरी ते नीट झोपले असते तर त्यांना सगळे आठवले असते, याची मला खात्री आहे.

शेवटी माझा तोल गेला. "दाजी, आता पुरे! बाईंनी कागद बघितले, काम बघितलं, त्या परवा सही करतायत. कागदात कुठे खोटं नाही, नियम कुठे मोडलेला नाही. तुम्ही बॅग उचला आणि निघा. मी इथे आहे. पार्क उघडायच्या आधी रोज सकाळी पाच-पाच बोल्ट सोडून बघतो. तीन महिन्यांत होईल सगळं."

"आणि तोवर माणसं बसतील."

"पाण्याची माणसं पाचशे वेळा बसलीच ना? काय झालं त्यांना?"

दाजी कुशीवर वळले आणि एका हातावर जोर देऊन उठून बसले. "मलाही तेच वाटतंय," ते म्हणाले. "काही होणार नाही असंच वाटतंय. पण मी दमलोय रे. दमलेल्या माणसाला जे सोपं ते बरोबरच वाटायला लागतं. म्हणून भीती वाटते."

मग ते उठले, हात पुसले आणि नियंत्रण खोलीत बाई चहा पीत बसल्या होत्या तिथे गेले. मी दारात उभा राहिलो. दाजींनी सगळं सांगितलं, पाठ म्हटल्यासारखं, एका सुरात. बाईंनी चष्मा काढला.

"ही रंगांची पद्धत नियमात नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"नाही."

"रेघा कुणी बदलल्या?"

"पद्धत माझी होती, मी कुणाला सांगितली नाही," दाजी म्हणाले. "चूक माझी."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला तेव्हाच पुढे व्हायला हवं होतं. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो, आणि आजही ती चौकट आठवली की तळहाताला घाम येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना गाठून मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तुमच्या नखांत पिवळा रंग आहे."

बॅनरसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्धा तास ते दाजींसमोर हात नाचवत होते. सोळा महिने, शहरभर बॅनर, आता काय सगळ्या तारखांवर कागद चिकटवू, वगैरे. दाजी मान खाली घालून उभे होते. साहेबांना वाटलं पश्चात्ताप. उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला होता, हे फक्त मला कळलं.

भाचीला फोन त्यांनी हत्यारांच्या खोलीतून केला. हात ग्रीसने भरले होते म्हणून फोन बाकावर ठेवून, आवाज मोठा करून. मी बाहेर जायला निघालो तर त्यांनी मानेनेच थांब म्हटलं.

"बाबा! निघालात का?"

"नाही गं. अजून पंचवीस दिवस लागतील. इथे काय झालं, त्या लाल रेघा..."

"बाबा, मला बोल्ट सांगू नका."

दाजी ग्रीसचे हात चिंधीला पुसत राहिले.

"आईला पाठवा," ती म्हणाली. "बरं." आणि फोन बंद झाला.

तो "बरं" ऐकण्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी नंतर तिला स्वतः फोन केला. म्हटलं, "अगं, चूक माझी आहे, दाजींची नाही, मीच गाढवपणा केला." तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, तू नसतास तर दुसरं काहीतरी असतं." ताईने तर आम्हा दोघांना एकाच माळेचे मणी ठरवलं. दाजींची भरलेली बॅग तिने पलंगावर उपडी केली, तिच्यात आपले कपडे भरले आणि एकटी निघून गेली.

आम्ही बोल्ट सोडायला बसलो. दाजी वरच्या अंगाला, मी खालच्या. सोडायचा, काढायचा, पट्टीखाली बोट फिरवायचं, पुसायचं, परत घालायचा. दिवसाला चाळीसही व्हायचे नाहीत. एकदाच त्यांनी विचारलं, "तिने खाट परत कुणाला दिली असेल का?" मी म्हटलं, "ताई झोपत असेल तिच्यावर." त्यांना ते बरं वाटलं.

तेराव्या खांबापाशी चौथ्या पट्टीखाली माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. वेल्डिंग करताना उडालेला एक थेंब, मसुराच्या दाण्याएवढा, पट्टीखाली जाऊन बसला होता. त्याच्यामुळे पट्टी एका कोपऱ्यात टेकतच नव्हती. त्या पट्टीचे सगळेच बोल्ट त्यामुळे फिरत असणार. आणखी कुठे काही सापडलं नाही. मी तो दाणा बाईंना नेऊन दाखवला आणि विचारलं, "हा राहिला असता तर काय झालं असतं?" मला खरं तर हवं होतं की त्यांनी म्हणावं, मोठा अपघात झाला असता. मला भाचीला सांगायला काहीतरी हवं होतं.

"सहा महिन्यांत पट्टीला तडा गेला असता," त्या म्हणाल्या. "किंवा दहा वर्षं काहीच झालं नसतं. सांगता येत नाही."

तेच मी दाजींना सांगितलं. दाजींनी दाणा माझ्या हातातून घेतला, पाहिला आणि भंगाराच्या डब्यात टाकला.

मग पुन्हा पाणी, पुन्हा फेऱ्या. ताईचा फोन आला तेव्हा दाजी वर होते, बाराव्या आणि तेराव्याच्या मध्ये. वर फोन न्यायला मनाई आहे. मी खालून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "मुलगी झाली! दोघी ठीक आहेत!" दाजींनी खाली पाहिलं. हात वर करून ऐकल्याची खूण केली आणि पुन्हा काम करू लागले. पाऊण तासाने उतरले. मी म्हटलं, "अहो, आजोबा झालात, लगेच उतरायचं तरी!" ते म्हणाले, "मध्येच सोडलं असतं तर कुठवर आलो होतो ते आठवलं नसतं." आणि पाण्याच्या गळक्या आजोबांच्या शेजारी बसून, चेहरा हातात धरून रडले. मी नळी सुरू केली आणि पाणी भरण्याचं नाटक करत राहिलो.

आमच्यात अशी रीत आहे की पाण्याची माणसं उतरली की ज्याने बोल्ट आवळले तो पहिल्या फेरीला पुढच्या रांगेत बसतो. दाजींना गाडीत बसायचा मनापासून तिटकारा. तीस वर्षं ते प्रत्येक पहिल्या फेरीत डोळे मिटून बसत आलेत. या खेपेला मीही त्यांच्या शेजारी बसलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. उताराच्या टोकाला गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली तेव्हा मी बघितलं, तर दाजींचे डोळे उघडे होते. वळण आलं, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं आणि गेलं. खाली उतरल्यावर ते झुडपामागे जाऊन ओकले, मी शेजारच्या झुडपामागे. बाईंनी सही केली. बॅनरसाहेबांनी फोटो काढायला बोलावलं तेव्हा आम्ही दोघं बसथांब्यावर होतो.

भाचीच्या घरी पोचलो तेव्हा बाळ सोळा दिवसांचं होतं. दार तिनेच उघडलं. वडिलांकडे पाहिलं, त्यांच्या पायांकडे पाहिलं. दाजींनी साधे जोडे घातले होते, आठवणीने. "या," ती म्हणाली. पाणी दिलं. प्रवास कसा झाला ते विचारलं, पाहुण्यांना विचारतात तसं. ताई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवत होती. भिंतीवर तो बुटांचा फोटो होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. दाजी खुर्चीच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, मुलाखतीला आल्यासारखे बसले होते.

"बाळ झोपलंय," ती म्हणाली. "हवं तर आत जाऊन बघा. आवाज करू नका."

आतल्या खोलीत खिडकीजवळ खाट होती, आणि तिच्या शेजारी लाकडी पाळणा, खोक्यातून सुटा येतो आणि घरी जोडावा लागतो तसला. दाजी वाकले. बाळाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. आणि मग सवयीने त्यांची नजर खाली गेली.

पाळण्याच्या चारी पायांना, कठड्याला, खालच्या फळीला मिळून वीसेक बोल्ट होते. प्रत्येक बोल्टवरून लाकडावर उतरणारी एक सरळ रेघ होती. नखांना लावायच्या गुलाबी रंगाची, फूटपट्टी लावून मारल्यासारखी. एकही वाकडी नव्हती.

दाजी गुडघे धरत हळूहळू जमिनीवर बसले. बोट पुढे केलं, पण रेघेला लावलं नाही.

भाची दारात येऊन उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि आवाजात राग होता.

"तुम्ही नव्हतात," ती म्हणाली. "मग मीच मारल्या."

दाजींनी मान हलवली. मग पाळण्याखाली डोकं घालून त्यांनी पहिल्या पायापासून सुरुवात केली, एकेक रेघ बघत. ती त्यांच्याशेजारी खाली बसली आणि अंधार होता तिथे मोबाइलचा उजेड धरला.

"ही बघा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "ही काल थोडी तुटलीय."

"पाना आहे का?" दाजींनी विचारलं.

पाना माझ्या खिशात होता. मी तो त्यांच्या हातात दिला आणि बाहेर ताईला भांडी हळू वाजव म्हणून सांगायला गेलो.